आय स्पाय : लपलेल्या वस्तू शोधायची ती स्टॉप-मोशन सिरीज, आणि आपल्या वस्तूंचं असं काही करता येईल का?

मृण्मयी_जर्सी

नमस्कार मंडळी. लहान मुलांच्या टीव्हीवर इथे बरेच धागे आहेत पण ह्या सिरीजबद्दल कुठेच काही सापडलं नाही म्हणून नवीन काढतेय. 'आय स्पाय' नावाची सिरीज, अमेरिकेत एचबीओ फॅमिलीवर डिसेंबर २००२ पासून लागायची, २००३ मध्ये संपली. स्कोलास्टिकची त्याच नावाची चित्रकोड्यांची पुस्तकं आहेत त्यांच्यावर बेतलेली. स्पायलर, डक आणि सीसी ही त्यातली मुख्य मंडळी आणि सगळं स्टॉप-मोशन, म्हणजे खऱ्या वस्तू टेबलावर मांडायच्या, एक फोटो काढायचा, वस्तू जराशी हलवायची, पुन्हा फोटो. गोष्ट चालू असते आणि गोष्टीतच काहीतरी शोधायचं असतं, आणि शोधायला सांगतात ते गद्यात नाही, यमक जुळवलेल्या कोड्यातून.

मला ही आत्ता सापडली, माझी लेक पाच वर्षांची झाल्यावर, जुन्या डीव्हीडींमधून. आणि खरं सांगते, हल्लीच्या गुळगुळीत कॉम्प्युटर ॲनिमेशननंतर हे बघताना डोळ्यांना बरं वाटलं. बटण दिसतं ते खरंच बटण असतं, त्याच्या भोकांत सावली असते, लाकडी ठोकळ्याचा रंग कोपऱ्यावर उडालेला असतो. माझी मुलगी स्क्रीनला नाक लावून बसते आणि सापडलं की ओरडते, मग स्वतःच्या खेळण्यांच्या टबमध्ये जाऊन तसलंच काहीतरी हुडकून आणते. हे मला दुसऱ्या कुठल्या कार्टूनच्या बाबतीत झालेलं आठवत नाही.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कुणी त्या काळात ही बघितली आहे का, मुलांना कशी वाटली. दुसरं, हे असं बनवतात कसं, कारण वस्तू लपवायचीही आणि ती सापडेल अशीही ठेवायची हे हलत्या चित्रात जमवणं मला अवघड वाटतं. आणि तिसरं म्हणजे आपल्या घरातल्या वस्तू घेऊन, मराठी कोडं रचून, दोन मिनिटांचं का होईना असं काही करता येईल का? भातुकली, कवड्या, पळी-पंचपात्र, हे सगळं माझ्याकडे आहे आणि मुलीला त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावं येत नाहीत, ते मला खुपतंय.

सिॲटलकर

वा! किती वर्षांनी हे नाव ऐकलं. आमचे दोन्ही मुलगे ह्याच वयाचे होते तेव्हा. आमच्याकडे नियम होता की ज्याला दिसलं त्याने बोलायचं नाही, फक्त हात वर करायचा, कारण धाकट्याला थोडा वेळ लागायचा आणि मोठा लगेच सांगून मोकळा व्हायचा. पुढे त्यांना स्कोलास्टिकचे आय स्पायचे कॉम्प्युटर गेमही आणून दिले होते, त्यातला स्पूकी मॅन्शन तर इतका खेळले की अजून त्यातली वाक्यं एकमेकांना ऐकवतात. तो गेम १९९९ चा, म्हणजे सिरीजच्या आधीचा.

पण पुस्तकं मिळव मृण्मयी. सिरीज छान आहेच, पण मूळ मजा पुस्तकांत आहे.

फोटोवाला

सिॲटलकर यांना जोरदार अनुमोदन. मी मुलांच्या बाजूने नाही तर कॅमेऱ्याच्या बाजूने ह्या पुस्तकांपर्यंत पोचलो आणि आजही माझ्या टेबलावर त्यातली दोन आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तकांचे फोटो वॉल्टर विकचे आणि कोडी जीन मार्झोलोची. विकचा जन्म १९५३ चा, कनेटिकटमधलं हार्टफर्ड. तो आधी मासिकांसाठी फोटो काढायचा, 'गेम्स' नावाच्या मासिकासाठी फोटोतली कोडी करायचा. एकदा त्याने स्वतःच्या कामाची जाहिरात म्हणून स्क्रू, नट, क्लिपा अशा स्टुडिओतल्या किरकोळ वस्तूंचा एक फोटो काढून लोकांना पाठवला. मार्झोलो तेव्हा स्कोलास्टिकच्या बालवाडीच्या मुलांसाठीच्या मासिकाची संपादक होती, तिच्या हातात तो फोटो पडला आणि तिने त्याच्याकडून मासिकासाठी पोस्टर करून घेतलं. तिथून गाडी पुस्तकापर्यंत गेली. पहिलं पुस्तक १९९२ चं, मग त्याच वर्षी ख्रिसमसवरचं, आणि पुढे जवळपास दरवर्षी एखादं येत गेलं. मार्झोलो २०१८ मध्ये वारली.

आता त्या फोटोंबद्दल. लोकांना वाटतं की वस्तू ओतल्या आणि फोटो काढला. तसं अजिबात नाही. एका पानासाठी अख्खा सेट बांधायचा, कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या मागे किती डोकावेल हे कॅमेऱ्यातून बघून ठरवायचं, कारण कॅमेऱ्याची जागा एक इंच बदलली की सगळं लपणं-दिसणं बदलतं. १९९९ च्या 'ट्रेझर हंट'साठी तर समुद्रकाठच्या एका गावाचं मॉडेल उभं केलेलं आहे आणि पानापानावर आपण त्याच गावात फिरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढची वस्तू आणि मागची वस्तू दोन्ही स्पष्ट. मागचं धूसर केलं असतं तर फोटो कदाचित 'सुंदर' दिसला असता पण मग शोधायला काय उरलं? धूसर भागात मूल बघणारच नाही. म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवायचं, एक्सपोजर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) लांब, आणि तोवर सेटवर काहीही हलता कामा नये.

विकचं पाण्यावरचं एक पुस्तक आहे १९९७ चं, थेंब, साबणाचे फुगे, हिमकण यांचे फोटो, तेही मुलांना दाखवा. त्यात शोधायला सांगितलेलं काही नाही पण बघायला शिकवतं तितकंच.

ओवी_पुणे

फोटोवाला, फार सुंदर माहिती, धन्यवाद.

पण मला एक शंका आहे आणि ती जरा विरोधी सुराची आहे. पुस्तकात डोळा मूल चालवतं. हवं तितका वेळ एका कोपऱ्यात रेंगाळायचं, परत वर यायचं, पान उलटं धरायचं. टीव्हीवर चित्र पुढे जातं, म्हणजे किती वेळ बघायचं हे दुसऱ्याने ठरवलं. मग हे 'शोधणं' राहिलं का? माझा भाचा असले शोधाशोधीचे व्हिडिओ यूट्यूबवर बघतो, पाच सेकंदांची उलटी मोजणी चालू होते, टिकटिक आवाज, आणि उत्तर लाल गोलात. त्यात तो शोधतच नाही, लाल गोलाची वाट बघत बसतो. मला ते बघून फार वाईट वाटतं.

मृण्मयी_जर्सी

ओवी, तो टिकटिकवाला प्रकार मीही बघितलाय आणि मलाही अजिबात आवडत नाही. पण ह्या सिरीजमध्ये तसं वाटत नाही, कारण वस्तूला गोष्टीत काम असतं. ती मिळाली तर गोष्ट पुढे सरकणार असते, त्यामुळे शोधायची गरज मुलाला आपली वाटते. आणि पॉझचं बटण आहेच हातात. तरी तुझा मुद्दा मला पटतोय, वेळ कुणाच्या हातात आहे हा प्रश्न खरा आहे.

हलतं_चित्र

इथे रोमात असतो, म्हणजे नुसता वाचतो, लिहीत नाही, पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून लॉगिन केलं. मुंबईत स्टॉप-मोशनमध्येच काम करतो. ह्या सिरीजवर अर्थातच काम केलेलं नाही, पण टेबल सगळ्यांचं सारखंच असतं.

आधी हिशोब. सिनेमाचा सेकंद २४ फ्रेमचा. आम्ही बहुतेक वेळा एक पोझ दोन फ्रेम धरून ठेवतो, त्याला 'ऑन टूज' म्हणतात, म्हणजे सेकंदाला १२ पोझ. समजा दहा मिनिटांचा एपिसोड आहे, तर ६०० सेकंद गुणिले १२, झाल्या ७,२०० पोझ. प्रत्येक पोझला कुणीतरी सेटमध्ये हात घालून पपेट हलवलेलं असतं, हात बाहेर काढलेला असतो आणि मग क्लिक. दिवसभर काम करून हातात काही सेकंद येतात. म्हणूनच टीव्हीच्या सिरीजला एकाच वेळी बरीच टेबलं चालवावी लागतात.

पपेटच्या आत सांगाडा असतो, आर्मेचर म्हणतो आम्ही, साधा असेल तर ॲल्युमिनियमची तार पिळून केलेला, महाग असेल तर धातूच्या गोळ्या आणि सॉकेटचे सांधे. पाय टेबलाला खालून स्क्रूने आवळतात नाहीतर एका पायावर उभं पपेट पडतं. तोंडासाठी वेगवेगळ्या आकारांची तोंडं आधीच करून ठेवतात आणि एकेक बदलत जातात.

आता मृण्मयीताईंचा मूळ प्रश्न, हलत्या चित्रात लपवायचं कसं. हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो. बघा, माणसाचा डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे आधी जातो. स्थिर फोटोत तुम्ही रंगाने आणि आकाराने लपवता, इथे हालचालीने लपवता. शोधायची चावी डावीकडे ठेवली आणि त्याच वेळी उजवीकडे पपेटने मान वळवली, तर सगळी पोरं उजवीकडे बघणार. म्हणजे चावी डोळ्यांसमोर उघड्यावर असूनही लपलेली. पण ह्याची उलटी बाजू अशी की ती चावी फ्रेम टू फ्रेम एक केसभरही सरकता कामा नये. ॲनिमेटरची बाही लागली, टेबलाला कोपर लागलं, चावी जराशी फिरली, की पडद्यावर ती टुणकन उडी मारते आणि सगळ्यांना दिसते. लपवलेलं सगळं वाया. म्हणून सेटवरची प्रत्येक बारीक वस्तू चिकटवलेली असते, ब्लू टॅकने (चिकटवायची मऊ पुट्टी), मेणाने, गरम ग्लूने. प्रेक्षकाला वाटतं पसारा आहे, प्रत्यक्षात त्या पसाऱ्यातली टाचणीसुद्धा पक्की बसवलेली असते.

१९३३ चा किंग काँग बघितला असेल तर त्याचे केस सारखे वळवळताना दिसतात, वारा सुटल्यासारखे. ते ॲनिमेटरच्या बोटांनी दर पोझला केस दबले म्हणून. तिथे ते शोभून गेलं. शोधायच्या सिरीजमध्ये असं एका कोपऱ्यात झालं तर मूल तो कोपरा सोडणार नाही.

आणि ओवीताई, तुमच्या शंकेवर एक सांगतो. कॅमेरा सरकतो तेव्हा जवळच्या वस्तू भराभर सरकतात आणि लांबच्या हळू. त्यामुळे डब्यामागे ठेवलेला मणी आधी दिसत नाही, कॅमेरा थोडा पुढे गेला की अर्धा दिसतो, मग पूर्ण. पुस्तकात हे होऊच शकत नाही, तिथे मण्याला एकच जागा आहे. इथे मुलाला 'वाकून बघितलं तर दिसेल' हा अनुभव मिळतो, जो खऱ्या घरात शोधताना मिळतो. फक्त कॅमेरा सावकाश चालवायला हवा आणि मणी दिसल्यावर क्षणभर थांबायला हवं. घाई केली की तुम्ही म्हणता तसंच होतं.

ओवी_पुणे

हे वाचून मत थोडं बदललं. डब्यामागून हळूहळू मणी दिसतो हे फारच आवडलं. म्हणजे अडचण टीव्हीची नाही, घाईची आहे.

गोदाकाठ

धागा वरती आलाय तर नाशिकच्या माणसाने एक भर घातलीच पाहिजे. खऱ्या वस्तू एकेक फ्रेमने हलवायचं हे काम आपल्या माणसाने फार आधी केलंय. दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले. राजा हरिश्चंद्र १९१३ चा हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप कसं वाढतं हे एकेक फ्रेम घेत साधारण महिनाभर टिपलं होतं. लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर केलेला तो प्रयोग, 'अंकुराची वाढ'. ते बघून भांडवल द्यायला माणूस तयार झाला आणि मग पुढचा इतिहास घडला. म्हणजे भारतातल्या पहिल्या कथापटाच्या पाठीशी एक वाटाण्याचं रोप आहे, आणि त्या रोपाला हलवणारा हात कुणाचाच नव्हता, नुसता धीर धरून बसायचं होतं.

आणि मग १९१५ च्या सुमाराला 'आगकाड्यांची मौज'. नावातच सगळं आलं. काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलतात, आकार करतात. भारतातल्या ॲनिमेशनची सुरुवात बरेच अभ्यासक तिथे धरतात. दुर्दैवाने त्याची प्रिंट आज शिल्लक नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं. वाटाण्याची कुंडी आणि काडेपेटी, कुठल्याही घरात मिळतील अशा वस्तू. ताई, तुम्ही पळी-पंचपात्र घेऊन बसलात तर तुम्ही त्याच रस्त्यावर आहात.

हलतं_चित्र

गोदाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना आम्ही पहिलं काम काड्यांचंच देतो. काडीला सांधा नाही, चेहरा नाही, त्यामुळे हालचाल चुकली की झाकायला काही नसतं.

आपल्याकडच्या आत्ताच्या कामाबद्दल विचाराल तर मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसची 'टोकरी' (२०१७) बघा, सुरेश एरियत यांची. मुंबईतल्या एका टोपली विकणाऱ्या मुलीची गोष्ट. तिच्यातलं घर बघा नीट, भिंतीवरचं, कपाटावरचं सामान. शोधायला कुणी सांगत नाही पण शोधत बसावंसं वाटतं.

नलिनीताई_बालवाडी

मी बालवाडी चालवते, सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे ही सिरीज नाही आणि पुस्तकंही नाहीत, पण ताटातल्या वस्तूंचा खेळ आम्ही नेहमी घेतो आणि 'किशोर' मासिकातली चित्रकोडी कापून ठेवलेली आहेत, ती मोठ्या मुलांना देतो. त्यामुळे मुलं कशी शोधतात ते रोज बघते, म्हणून लिहावंसं वाटलं.

शोधण्याचे दोन प्रकार असतात, आणि हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ॲन ट्रीझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांचा १९८० चा सिद्धांत आहे. निळ्या मण्यांत एकच लाल मणी ठेवला तर तो आपोआप डोळ्यात भरतो, मणी दहा असोत की पन्नास, वेळ तेवढाच. पण लाल चौकोनी मणी शोधायचा आहे आणि आजूबाजूला लाल गोल मणी आहेत आणि निळे चौकोनीही आहेत, तर मग एकेक मणी तपासावा लागतो, आणि जितके मणी जास्त तितका वेळ जास्त. पहिल्या प्रकारात लक्ष द्यावंच लागत नाही, दुसऱ्यात द्यावं लागतं. लहान मुलं दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला इकडेतिकडे कुठेही बघतात, मग कुणीतरी शिकवल्याशिवायच एका कडेने सुरुवात करायला लागतात. परवा एक मुलगी ताटावर बोट फिरवत होती, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, ओठ हलत होते, मनात वस्तूंची नावं घेत होती. तिला अजून वाचता येत नाही, पण वाचताना डोळे जसे फिरवायचे तसे ती फिरवत होती. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही.

म्हणून मृण्मयी, तू कोडं करशील तेव्हा सगळं अवघड करू नकोस आणि सगळं सोपंही नको. पहिली एखादी वस्तू झटकन दिसेल अशी, म्हणजे मुलाला हुरूप येतो. मग एखादी अशी की तिच्याच रंगाच्या चार वस्तू शेजारी ठेवायच्या, पितळी पळी शोधायची तर शेजारी पितळी वाटी, पितळी समई, घंटा. म्हणजे मुलाला रंग सोडून आकार बघावा लागेल.

आणि वस्तूंच्या नावाचं म्हणतेस ते अगदी खरं. शोधताना नाव पुन्हा पुन्हा उच्चारलं जातं, पळी कुठे, पळी कुठे, असं करत ते तोंडात बसतं. नुसतं दाखवून 'ही पळी' म्हटलं तर राहत नाही. शिवाय खाली, वर, मागे, आड, मधोमध, हे शब्दही येतात, आणि परदेशातल्या मुलांना नेमके हेच कमी येतात असं माझी बहीण सांगते, ती कॅनडात असते.

मृण्मयी_जर्सी

नलिनीताई, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. ओठ हलवत बोट फिरवणारी ती मुलगी डोळ्यांसमोर आली. पितळी वस्तूंचं तर लगेच करणार.

शब्दवेडी

इतकं सगळं झाल्यावर कोडं कुणीच केलं नाही हे कसं चालेल! मार्झोलोच्या कोड्यांचा एक साचा आहे, चार ओळी, सोपं यमक, आणि ओळीओळीत वस्तू. आपण आपल्या तालात करू, टाळी देत म्हणता आलं पाहिजे. हा पहिला प्रयत्न :

शोधा शोधा दोन कवड्या, एक पितळी पळी,
उतरंडीच्या मागे लपली मोगऱ्याची कळी,
तीन बटणे, मोरपीस अन् तुटका एक भोवरा,
पाटावरती बसलंय कोण? सांगा नवरी-नवरा!

शेवटच्या ओळीत भातुकलीतली बाहुला-बाहुली पाटावर बसलेली दाखवायची.

सिॲटलकर

क्या बात है! टाळीवर म्हणून बघितलं, बसतंय.

कुडाळचो_झील

शब्दवेडीताई मस्तच. एक सुचवू का, भोवरा 'तुटका' म्हणजे नेमका कसा? भोवरा सहसा तुटत नाही, त्याची आर तुटते. खिळा निघून गेला की तो फिरत नाही, मग तसाच खेळण्यांच्या डब्यात पडून राहतो. प्रत्येक घरात असा एक तरी असतो. तर 'आरतुटका भोवरा' करा, ताल बिघडत नाही, आणि मूल विचारेल आर म्हणजे काय.

बाहुल्या आणि भातुकली हवी असेल तर आमच्या सावंतवाडीची लाकडी घ्या, चितारआळीत मिळते. लाखेचा रंग असतो, फोटोत चमक छान येते. पण चमकेमुळे लाईट परावर्तित होतो, त्याचं काय करायचं ते हलतं_चित्र सांगतील.

शब्दवेडी

झील, काय नेमकं सांगितलंत! केलं :

तीन बटणे, मोरपीस अन् आरतुटका भोवरा

आता ओळ जास्त चांगली झाली, खरंच.

हलतं_चित्र

चमकेचं उत्तर : दिवा थेट वस्तूवर मारू नका. समोर बटर पेपर लावा किंवा पांढऱ्या भिंतीवर, पांढऱ्या कार्डबोर्डवर मारून परत येऊ द्या. पितळेत तर तुमचं स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, प्रत्येक फ्रेमला वेगळं, म्हणून आम्ही काळे किंवा गडद कपडे घालतो आणि क्लिकच्या वेळी दर वेळी एकाच जागी जाऊन उभे राहतो.

मृण्मयीताई, घरी करताना एवढं सांभाळा. खिडकीचा उजेड पूर्ण बंद, पडदे ओढा नाहीतर रात्री करा, कारण ढग आला-गेला की चित्र उजळतं-काळवंडतं आणि पडद्यावर ते लुकलुकतं. फोनवर स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं ॲप आहे ते चालेल. त्यात एक्सपोजर, फोकस, व्हाईट बॅलन्स तिन्ही लॉक करा, ऑटोवर ठेवलंत तर हात सेटमध्ये गेला की कॅमेरा रंग बदलतो आणि परत येत नाही. मागची फ्रेम पुसट दाखवायची सोय असते, ओनियन स्किन, ती चालू ठेवा. फोन हाताने दाबायचा नाही, इअरफोनच्या बटणाने किंवा रिमोटने क्लिक करा. सेकंदाला १२ फोटो धरा. एका मिनिटाला ७२० होतात, तर पहिल्यांदा पूर्ण एक मिनिट करू नका, वीस सेकंद करा, २४० फोटो.

आणि हालचाल एकाच गोष्टीला द्या. भोवरा हळूहळू लोळत जाईल एवढंच. तो लोळतोय तोवर बाकीचं सगळं चिकटवलेलं. मुलं भोवऱ्याकडे बघतील आणि कळी राहून जाईल, हाच खेळ.

फोटोवाला

ह्यात माझी एकच भर. फोन वस्तूंच्या उंचीला ठेवा, वरून नको. वरून घेतलं की सगळं एका पातळीत पसरतं, आड काहीच राहत नाही. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून उतरंड डोंगराएवढी दिसते आणि मागे खरंच काहीतरी लपू शकतं. थोडं लांब ठेवून झूम न करता घ्या, म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येईल.

ओवी_पुणे

आणि मृण्मयी, शेवटी उत्तर दाखवू नकोस ना. लाल गोल नको. न सापडलेली कळी तशीच राहू दे, दुसऱ्यांदा बघताना सापडेल.

मृण्मयी_जर्सी

नाही दाखवणार, शब्द देते. आमचं ठरलंय, येत्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बेसमेंटमध्ये टेबल मांडायचं. तिथे खिडकी नाही त्यामुळे उजेडाचा प्रश्न मिटला. लेकीने काल स्वतःहून कवड्या काढून धुऊन ठेवल्या आणि 'शोधा शोधा'ची पहिली ओळ पाठ म्हणते आहे, 'पळी'चा ळ अजून ल होतो पण होईल.

दोन गोष्टी कमी पडतायत. उतरंड नाहीये, म्हणजे छोट्या मडक्यांची चळत, तिच्याऐवजी स्टीलचे डबे एकावर एक ठेवले तर चालेल का? की स्टील पितळेपेक्षाही जास्त चमकेल? आणि आर तुटलेला भोवरा. भोवराच नाहीये मुळात. जर्सी, फिली किंवा न्यूयॉर्कच्या बाजूला कुणाकडे असेल तर विपू करा, म्हणजे माझ्या विचारपुशीत निरोप टाका, मी येऊन घेऊन जाईन.

फिलीचा_मास्तर

विपू केली आहे. आमच्याकडे दोन आहेत, एक चालू, एक आरतुटका. मातीची छोटी मडकी पण आहेत, संक्रांतीला आणलेली सुगडं, पाच. रंग दिला नाहीये. येताना बटर पेपर मात्र तुमच्याकडचा आणा, आमच्याकडचा संपलाय, माझ्या मुलांनाही लगेच करून बघायचंय.

हलतं_चित्र

स्टील नको, सुगडं घ्या. मॅट असतात, लाईट छान झेलतात, आणि एकमेकांवर ठेवताना मध्ये ब्लू टॅकचा छोटा गोळा लावा. वीस सेकंद झाले की इथे टाका, फ्रेम कुठे उडतेय ते बघून सांगतो.